तार लाल झाली का?

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली नाही की आमच्या घरी चहाला बोल लागायचे. चहा गोडच झाला, चहा पातळच झाला, आलं काऊन नाही टाकलं. मी लग्न होऊन बीबी या गावी आले तेव्हा मला वाटायचं, या माणसाला माझ्या हातचं काही आवडतच नाही. वर्षभरानं उमजलं की भांडण माझ्याशी नव्हतंच, ते बाहेर लिंबाखाली उभ्या असलेल्या जीपशी होतं. तेव्हापासून मी आधी कान देऊन ऐकायची. इंजिनानं सूर धरला की मगच चुलीवर आधण ठेवायची.

ती जीप मिलिटरीतून मोडीत निघालेली होती. पेट्रोलचं इंजिन काढून तिच्यात डिझेलचं बसवलेलं. यांनी ती आमच्या लग्नाच्या आधी घेतली होती, म्हणजे मानानं ती थोरली आणि मी धाकटी. मी तसं म्हणायचीही. "थोरलीला पाणी पाजलं का?" असं विचारलं की हे हसू दाबायचे आणि रेडिएटरचं झाकण उघडायला जायचे. सासूबाईंना हा चावटपणा वाटायचा. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही असा तो काळ, आणि मी त्याच्या गाडीला सवत म्हणत होते.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. बीबीहून लोणारला एसटी होती, पण ती तिच्या मर्जीची. त्यामुळे सकाळी सकाळी आमच्या दारात माणसं जमायची. कुणाला दवाखान्यात जायचं असायचं, कुणाला लेकीच्या सासरी, बाजाराच्या दिवशी वांग्याच्या आणि मेथीच्या पाट्या घेऊन बाया यायच्या. हे त्यांना लोणारला पोचवायचे. अधूनमधून सामान भरून पार चिखलीपर्यंत जायचे आणि तिकडून येताना माझ्यासाठी काहीतरी विसरून यायचे. काय आणायचं होतं ते त्यांना घरी आल्यावर बरोबर आठवायचं.

डिझेलच्या इंजिनाला थंडी सोसत नाही. हिवाळ्यात सकाळी ते आधी आतून तापवावं लागतं. त्यासाठी इंजिनात चार हीटर प्लग होते, प्रत्येकाच्या टोकाला तारेचं बारीक वेटोळं. स्टेअरिंगजवळचं एक बटण ओढून धरलं की बॅटरीची वीज त्या चारही वेटोळ्यांतून एकामागून एक जायची आणि ती तापायची. आत काय चाललंय ते बाहेरून कुणाला दिसणार? म्हणून बटणाच्या वरच्या बाजूला, जाळीच्या आड, तसंच एक वेटोळं लावलेलं होतं. ते लाल झालं की समजायचं, आतले चारही तापले. मग बटण सोडायचं आणि सेल्फ मारायचा. आम्ही त्या वेटोळ्याला नुसतं 'तार' म्हणायचो.

बाकीचे ड्रायव्हर बटण ओढून आकडे मोजायचे. लोणारचा एक जण आकड्यांऐवजी रामाचं नाव घ्यायचा, तेवढंच पुण्य. यांना ते पटायचं नाही. "भाकर का तू मोजून भाजतं?" असं मला विचारायचे. थंडी रोज सारखी नसते, बॅटरी रोज सारखी नसते, मग आकडा रोज एकच कसा चालेल? तारेचा रंग पाहायचा. आधी ती काळीच राहते, मग विटकरी होते, मग लाल. लाल धरली की लगेच सोडायचं. त्याच्या पुढं जाऊ दिलं तर आतलं वेटोळं जळतं. हे सगळं ते मला इतका जीव लावून सांगायचे की तितका वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं तर मी धन्य झाले असते. पण एक कबूल करायला हवं, मोजणाऱ्यांचे प्लग जळायचे आणि यांचे वर्षानुवर्षं टिकायचे. पूर्ण पट्ट्यात यांचा तो लौकिक होता, आणि त्या लौकिकावर हे जगत होते.

त्या वर्षी थंडी पडली आणि तार लाल होईना.

हे बटण ओढून बसायचे, आणि बसूनच राहायचे. शेवटी कंटाळून सेल्फ मारायचे. गाडी चालू व्हायची, तीही कशी, हाक मारताच. हे खाली उतरून म्हणायचे, तार काही लाल झाली नव्हती, नशिबानं उठली गाडी. असे काही दिवस गेले आणि मग एका सकाळी ती उठलीच नाही. जमलेल्या लोकांनी ढकलत उतारापर्यंत नेली, तेव्हा कुठं इंजिन धरलं. त्या दिवशी चहाला इतके बोल लागले की मी तो ओतून दिला.

दुपारी आल्यावर यांनी बोनट उघडला. या दुखण्याची तपासणी त्यांना तोंडपाठ होती. चार प्लग एका ओळीत असतात, विहिरीवरून घरापर्यंत चार जणी उभ्या राहून हातोहात घागर देतात तशा. एक जण खाली बसली की पाणी थांबतं, आणि घरात उभ्या असलेल्या बाईला कळत नाही की बसली कोण. म्हणून बटण ओढून दोरीनं बांधायचं आणि तारेच्या एका तुकड्यानं एकेका प्लगची दोन टोकं जोडून पाहायची. चांगल्या प्लगवर काहीच होत नाही. मेलेल्या प्लगवर तुकडा टेकला की ठिणगी उडते, कारण वीज त्याला वळसा घालून पुढं जाते. दुसऱ्याच प्लगवर चट्ट झालं. यांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. वेटोळं मधोमध जळून तुटलं होतं.

"थंडी जास्त हाये," ते म्हणाले, आणि चिखलीला जाऊन नवा प्लग घेऊन आले.

चिखलीचे मिस्त्री यांचे जुने दोस्त. ते इंजिन त्यांनीच जीपमध्ये बसवलेलं. चिखलीला गेले की यांचं जेवण त्यांच्या घरी, आणि जेवण कसलं, इंजिनांच्या गप्पा. नवा प्लग त्यांनीच दिला. तो जळाला. मग दुसऱ्या जागेवरचा जळाला. यांनी बॅटरी भरून आणली, तारांची टोकं घासून चकचकीत केली, बॅटरी गाडीच्या सांगाड्याला जोडणारी जाड पट्टी खरवडली. शेवटी त्यांचा संशय जाळीआडच्या तारेवरच गेला. ती काढून नवी बसवली, तर नवी तारही लाल होईना.

मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. तू बटण जास्त वेळ धरून राह्यला, म्हणून वेटोळी जळतात. हे म्हणायचे, लाल झाल्याबिगर मी सोडू कसा? आणि मला कोण शिकवतं, ज्याचे प्लग कधी जळत नाहीत त्याला? असं होता होता एक दिवस यांनी भर दुकानात, चार माणसांसमोर मिस्त्रींना सांगितलं की तू मला नकली माल देतोस. घरी येऊन हे सगळं मला त्यांनी स्वतःच ऐकवलं, आणि ऐकवताना त्यांची मान ताठ होती. मी म्हटलं, एवढा जुना दोस्त, असं बोलायचं का? त्यावर त्यांनी जेवायचं ताट सरकवलं. मिस्त्रींनी काय उत्तर दिलं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवसांत ते फार चिडचिडे झाले होते. मी ओट्यावर लाल मिरची वाळत घातली होती, तर म्हणाले, या सडक्या मिरच्या कोणाच्या? मी म्हटलं, डोळे धुऊन या. लोणारहून टमाटे आणले तर निम्मे हिरवेकच्च. मला वाटलं, भाजीवालीनं फसवलं, यांचं लक्ष कुठं होतं. रस्त्यावरची माणसं ओळखायलाही त्यांना वेळ लागायला लागला होता. जवळ येऊन आवाज ऐकला की मग "अरे, तू हायेस का" म्हणायचे. विचारलं तर म्हणायचे, धुई पडते सकाळी. धुई, म्हणजे धुकं, पडायचं हे खरं होतं. फक्त ते आमच्या घरात दुपारी पडत नव्हतं. पण एवढा विचार तेव्हा कोण करतो? नवरा चिडला तर बायको आधी आपल्या स्वयंपाकात खोट शोधते, आणि गाडी बिघडली तर ड्रायव्हर प्लगमध्ये.

मग एक दिवस सकाळच्या एसटीनं मिस्त्री स्वतःच आले. नकली मालाचा शब्द त्यांना चांगलाच झोंबला होता. हातात पिशवी, पिशवीत चार कोरे प्लग, चिखलीत नव्हे तर जालन्यातल्या दुकानातून आणलेले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. यांच्याशी एक शब्द न बोलता त्यांनी जीपची बॅटरी काढून ओट्यावर ठेवली. एका फळीवर चारही प्लग ओळीनं मांडले, तारांनी एकाला एक जोडले आणि शेवटची तार बॅटरीला लावली. म्हणजे इंजिनाच्या पोटात जे होतं तेच आता ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होणार होतं. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं फळीवर वाकलेले होते.

"पाय," मिस्त्री म्हणाले.

"काय पाहू?" हे म्हणाले.

मिस्त्रींचा चेहरा काळवंडला. त्यांना वाटलं, हा आता आपली टिंगल करतो आहे, इतक्या लांबून आलो तरी. त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "वयनी, तुमीच सांगा. लाल हायेत का नाई?"

आमच्याकडे दोन पुरुषांच्या वादात बाईला साक्षीला बोलवायची रीत नव्हती. त्यातून नवऱ्याच्या विरुद्ध. मी कप खाली ठेवले आणि पाहिलं. चारही टोकं लाल होती. ओट्यावर सावली होती, त्यामुळे तर जास्तच. आंधळ्यालाही दिसतील इतकी लाल, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी बोलले नाही याबद्दल मी देवाचे आजपर्यंत आभार मानते.

"लाल हायेत," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मिस्त्रींच्या पक्षाला जाऊन मिळाले. मग ते पुन्हा फळीवर वाकले. फार वेळ वाकून राहिले. मग त्यांनी हात पुढं केला आणि बोटं एका प्लगच्या टोकाजवळ नेली. हिवाळ्यात शेकोटीजवळ नेतो तशी, हळूच. आणि झटकन मागं घेतली. ऊब त्यांना लागली होती. ऊब होती आणि लाल नव्हतं. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या क्षणी त्यांना जे कळलं ते मलाही कळलं.

मिस्त्रींनी बॅटरीची तार सोडवली. त्यांचा राग कुठल्या कुठं गेला होता. खाली बघतच ते म्हणाले, "हीटर चांगला हाये, भाऊ."

चहा तसाच थंड झाला. मिस्त्रींनी चारही प्लग इंजिनात बसवून दिले, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि एसटीच्या थांब्याकडे चालत गेले. हे त्यांच्या मागं चार पावलं गेले आणि थांबले. दुकानातला शब्द त्यांना परत घ्यायचा असावा. तो त्यांनी पुढं कधीतरी घेतला, पण त्या दिवशी नाही.

बुलढाण्याला डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे आम्ही एसटीनं गेलो. हे ड्रायव्हरच्या बरोब्बर मागच्या बाकावर बसले आणि पूर्ण वाटभर त्याच्या हातांकडे बघत राहिले. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, रंगीत लोकरीचे धागे हातात देऊन वेगळे करायला सांगितले. यांनी लाल धागे तपकिरी धाग्यांत नेऊन ठेवले, आणि नीट रचून ठेवले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांमागची नस सुकत चालली आहे. तंबाखू किती खाता, तेही विचारलं. तंबाखू आजपासून बंद, म्हणाले, म्हणजे निदान वेग कमी होईल. गेलेलं परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही. लाल आधी जातो, मग बाकीचं अंधुक होतं. गाडी चालवायची नाही.

येताना बसमध्ये हे म्हणाले, "डॉक्टरले गाडीतलं काय समजते?" मी खिडकीकडे तोंड करून रडले. रडताना आवाज होऊ दिला नाही, कारण आता त्यांचे कान तरी चांगले होते.

तंबाखूची डबी त्यांनी त्याच संध्याकाळी नाल्यात फेकली. त्याबाबतीत माणूस पक्का निघाला. गाडीबाबतीत मात्र ऐकेना. मी खूप भांडले. म्हटलं, एखादा ड्रायव्हर ठेवा, तुम्ही शेजारी बसा. तर म्हणाले, माझ्या गाडीला परका हात नको. म्हटलं, मग विकून टाका. तर दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, की लाल तेवढा गेला आहे, रस्ता काही लाल नसतो. माणसं लांबून ओळखू येत नाहीत, पण माणसं ओळखून कुठं गाडी चालते? शेवटी एका सकाळी ते आत आले, माझं पीठ मळून व्हायची वाट पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "तू बस समोर. तार लाल झाली का मले सांगत जाय."

बायको ड्रायव्हरच्या जागेवर बसते म्हणजे गावाच्या दृष्टीनं तमाशाच. बाजाराच्या पाट्या घेऊन आलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. हे बोनटपाशी उभे राहायचे, उगाच काहीतरी चाचपत, म्हणजे लोकांना वाटावं की इंजिनात काम चाललं आहे. मी बटण ओढून धरायची. तार काळी, मग विटकरी, मग लाल. मी म्हणायची, "झाली." मी बाजूला सरकायची, ते येऊन बसायचे, सेल्फ मारायचे आणि गाडी हाकेला उठायची. प्लग पुन्हा जळला नाही.

आता सांगायला लाज कसली? त्या सकाळी मला आवडायच्या. इतकी वर्षं मी त्या गाडीची सवत होते, आणि आता तिच्यातलं सगळ्यात नाजूक काम माझ्या हातात आलं होतं. 'झाली' म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर नाही. मला वाटायचं, असंच चालू दे. डॉक्टर चुकला असेल. देवाला दया येईल. माणूस स्वतःला किती फसवतो, आणि किती सुखानं.

मग एका संध्याकाळी ते नेहमीपेक्षा उशिरा आले. हात-पाय धुतले, जेवायला बसले आणि हसत हसत एक गोष्ट सांगायला लागले. लोणारच्या अलीकडे मोरीचं काम निघालं होतं. अर्धा रस्ता खोदून ठेवलेला, आणि अलीकडे बाभळीच्या फांदीला लाल फडकं बांधलेलं. यांना ते फडकं दिसलंच नाही. मागून सगळी माणसं ओरडली म्हणून ब्रेक दाबला, तर पुढचं चाक खड्ड्याच्या काठावर. सगळे उतरले, गाडी मागं ढकलली, पुन्हा बसले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. "हिरव्या झाडाले फडकं बांधलं त दिसंन कसं?" असं म्हणून ते पुन्हा हसले. घास तोंडाकडे नेताना भाताची शितं मांडीवर सांडली. मी ती वेचली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दारात नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. मेथीच्या पाट्या टपावर चढवून झाल्या होत्या. मागच्या बाकावर एक दिवस भरत आलेली सून आणि तिची सासू बसल्या होत्या; सून पहिल्यांदाच तपासून घ्यायला लोणारच्या दवाखान्यात निघाली होती. मी तिला बसायला हात दिला तेव्हा ती लाजून हसली. उभं राहायला जागा नव्हती तिथंही माणसं लटकली होती, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की आमचे हे नीट नेतात. काल काय झालं ते माहीत असलेलेही त्यांत होते. तरी बसले होते. इतका विश्वास माणसाला मारतोच.

मी समोर जाऊन बसले आणि बटण ओढलं. हे बोनटपाशी उभे होते, इंजिनावर एक हात ठेवून. थंडी होती. तार काळी होती. मग ती विटकरी झाली, मग हळूहळू भरत भरत लाल झाली. जाळीच्या आड ती मला स्पष्ट दिसत होती.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ते थांबले. मागं सगळे गप्पा मारत होते. तार लालच्या पुढं चालली होती. माझा हात बटणावर घट्ट बसला होता.

"पाय ना नीट. झाली का लाल?"

"नाही झाली."

जाळीतून जळल्याचा बारीक वास यायला लागला. तो मला आला म्हणजे त्यांना आधीच आला असणार. त्यांचं नाक असं होतं की गावाच्या वेशीवरून ते सांगायचे, कोणाच्या गाडीचा ब्रेक घासतो आहे. त्यांनी मान वर केली. बोनटच्या कडेवरून त्यांना माझं तोंड दिसलं असेल की नुसता एक धुरकट आकार, मला माहीत नाही. मी डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर हात हलवावा लागला असता.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. नाही झाली त नाही झाली."

त्यांनी बोनट हळूच खाली ठेवला आणि लोकांकडे वळले. ज्या माणसानं आपल्या गाडीबद्दल उणा शब्द कधी ऐकून घेतला नव्हता, तो सगळ्या गावाच्या बाजारकरूंसमोर मोठ्यानं म्हणाला, "हीटर गेला. गाडी नाही येत आता. एष्टीनं जा." कुणीतरी विचारलं, दुपारून होईल का? ते नाही म्हणाले. उद्या? तेही नाही. बाया कुरकुरत उतरायला लागल्या. ते ड्रायव्हरच्या बाजूला आले, दारातून हात आत घातला, चाचपडत माझा हात शोधला आणि बटणावरच्या माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

"सोड आता," ते फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले. "तार जळते."